गच्चीपासून वाफेच्या नळापर्यंत : उष्णतेचा हिशेब कसा मांडावा

मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या वरच्या मजल्याच्या खोलीत छताला हात लावून पाहिला, तर भर दुपारी दोन वाजता लागतो त्यापेक्षा संध्याकाळी सात वाजता तो अधिक पोळतो. तिकडे नंदेसरीच्या एखाद्या रासायनिक कारखान्यात वाफेच्या नळावरचे आवरण फाटलेले असेल, तर तेथून रात्रंदिवस उष्णता वाया जात असते. या दोन्ही ठिकाणी हिशेबाची रीत एकच आहे. उष्णतेच्या वाटेत येणाऱ्या प्रत्येक थराचा रोध, म्हणजे तो थर उष्णतेला किती अडवतो ते, काढावा, ते सर्व रोध मिळवावेत आणि दोन टोकांच्या तापमानांतील फरकाला त्या बेरजेने भागावे. भागाकारात सहसा कोणाची चूक होत नाही. चूक होते ती एखादा रोध धरायचा राहून गेल्यामुळे किंवा सर्वांत मोठा रोध कोणता हे न पाहताच उपाय ठरवल्यामुळे; म्हणून प्रत्येक उदाहरणात आधी मोठा रोध शोधण्याची सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

सपाट थराचा रोध म्हणजे त्याची मीटरमधील जाडी भागिले पदार्थाची उष्णतावाहकता, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज वाहते याचे माप. आपल्याकडच्या नेहमीच्या गच्चीत १२० मिलिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब, त्यावर ८० मिलिमीटरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि खालून १२ मिलिमीटरचे प्लास्टर असते, असे धरू. काँक्रीटची वाहकता १.५८, कोब्याची सुमारे ०.८ आणि सिमेंट प्लास्टरची ०.७२ वॅट प्रति मीटर प्रति अंश घेतली, तर स्लॅबचा रोध ०.०७६, कोब्याचा ०.१००, तर प्लास्टरचा ०.०१७ येतो. येथवर बहुतेक जण बरोबर येतात आणि येथेच थांबतात. परंतु गच्चीच्या वर व छताच्या खाली हवेचा एकेक पातळ थर चिकटून असतो आणि त्यालाही रोध असतो. बाहेर वारा असल्यामुळे तो ०.०४ इतका कमी धरतात. आत मात्र उष्णता वरून खाली येत असते व गरम हवा छतालाच धरून राहते, म्हणून तेथील रोध ०.१७ धरावा लागतो. भिंतीसाठी हाच आकडा ०.१३ असतो, कारण भिंतीलगतची हवा वर-खाली सरकू शकते.

या सगळ्यांची बेरीज ०.४०३ होते. १ भागिले ०.४०३ केल्यास सुमारे २.५ येतात, एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून इतके वॅट वाहतात आणि यालाच यू-मूल्य म्हणतात. हवेचे दोन्ही थर सोडून दिले असते, तर हेच उत्तर ५.२ आले असते, म्हणजे दुपटीहून जास्त. आतल्या हवेचा तो न दिसणारा थर १२ सेंटिमीटर काँक्रीटच्या दुपटीहून अधिक रोध करतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रथम सांगितली की खरी वाटत नाही. पण आकडे समोर असल्यावर वादाला जागा राहत नाही.

आता तापमानातील फरक पाहू. सावलीतील हवा ४२ अंश असली, तरी उन्हातली गच्ची त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणून बाहेरचे तापमान म्हणून केवळ हवेचे तापमान घेणे बरोबर नाही. पृष्ठभाग उन्हाचा किती हिस्सा शोषतो, त्या हिश्श्याला उन्हाच्या तीव्रतेने गुणून बाहेरच्या हवेच्या गुणांकाने, म्हणजे १ भागिले तिचा रोध ०.०४ याने, अर्थात २५ ने, भागावे आणि आलेले उत्तर हवेच्या तापमानात मिळवावे. जुन्या करड्या काँक्रीटसाठी शोषण ०.७ व दुपारचे ऊन ९०० वॅट प्रति चौरस मीटर धरले, तर ही भर २५ अंशांची होते. सपाट छत मोकळ्या आकाशाकडे प्रारणाने काही उष्णता परतही देत असते, त्यापोटी ४ अंश वजा करण्याचा प्रघात आहे. अशा रीतीने हिशेबाचे बाहेरचे तापमान ६३ अंश ठरते. खोली २६ अंशांवर ठेवायची असेल, तर फरक ३७ अंशांचा होतो आणि दर चौरस मीटरमागे ९२ वॅट आत येतात. १२ चौरस मीटरच्या खोलीत केवळ छतातून सुमारे ११०० वॅट उष्णता उतरते. वातानुकूलन यंत्राचा एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तेव्हा यंत्राचा जवळजवळ एक तृतीयांश टन छतासाठीच खर्ची पडतो.

उपाय निवडतानाही हीच मांडणी उपयोगी पडते. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घातली आणि ती स्वच्छ ठेवून शोषण ०.३५ पर्यंत आणले, तर बाहेरचे तापमान ५१ अंशांवर येते व उष्णता ७४० वॅटच्या आसपास उतरते. ५० मिलिमीटर जाडीचे थर्माकोल घातले, तर त्याची वाहकता ०.०३५ असल्यामुळे १.४३ इतका रोध एकदम वाढतो आणि उष्णता २४० वॅटवर येते. उलट स्लॅबच ३० मिलिमीटरने जाड केला, तर रोधात भर पडते ती जेमतेम ०.०२ ची, आणि इमारतीवरचे वजन मात्र वाढते. इको निवास संहिता २०१८ प्रमाणे निवासी इमारतीच्या छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त असू नये. त्यासाठी एकूण रोध ०.८३ लागतो, म्हणजे आपल्या गच्चीत ०.४३ ची भर हवी, आणि ती कागदावर अवघ्या १५ मिलिमीटर थर्माकोलने भरून निघते. घर नवे बांधले जात असताना हे काम टाळण्यास मला तरी कोणतेही सबळ कारण दिसत नाही.

हा सारा हिशेब स्थिर अवस्थेचा आहे, म्हणजे बाहेरचे तापमान बराच वेळ बदलत नाही असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात दुपारची उष्णता काँक्रीटमध्ये आधी साठते आणि मग खाली उतरते. २४ तासांच्या चढउतारासाठी काँक्रीटची सर्वसाधारण उष्णता-विसरणता (उष्णता पदार्थात किती वेगाने पसरते याचे माप) घेऊन स्लॅब व कोबा मिळून होणाऱ्या २० सेंटिमीटरच्या थरासाठी अंदाज केला, तर हा उशीर पाच तासांच्या थोडा पुढे जातो. आरंभी सांगितलेल्या सात वाजताच्या पोळणाऱ्या छताचा उलगडा यातच आहे. त्यामुळे ११०० वॅट ही कमाल मर्यादा समजावी आणि ती दुपारी नव्हे, तर संध्याकाळी जाणवेल असे धरून चालावे.

नळासाठी मात्र सपाट थराचे सूत्र चालत नाही, कारण उष्णता बाहेर सरकते तशी तिला अधिकाधिक रुंद वाट मिळत जाते. दर मीटर लांबीचा रोध काढताना आवरणाच्या बाहेरच्या त्रिज्येस आतल्या त्रिज्येने भागावे, त्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा आणि त्याला २ गुणिले π (पाय, ३.१४) गुणिले वाहकता याने भागावे. ७ बार गेज दाबाची, म्हणजे हवेच्या दाबाहून ७ बार अधिक दाबाची, वाफ सुमारे १७० अंशांची असते. ती ११४.३ मिलिमीटर बाह्यव्यासाच्या, म्हणजे नेहमीच्या चार इंची नळातून जात आहे आणि नळावर ५० मिलिमीटर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचे आवरण, आहे, असे धरू. त्रिज्या ५७.१५ व १०७.१५ मिलिमीटर, त्यांचे गुणोत्तर १.८७५, त्याचा लॉगॅरिदम ०.६२९ आणि त्या तापमानाला रॉकवूलची वाहकता ०.०४५, यावरून आवरणाचा रोध २.२२ येतो. पोलादी भिंतीचा रोध ०.०००४ इतका क्षुल्लक असतो व आतून घनीभूत होणाऱ्या वाफेचाही नगण्यच, तेव्हा ते दोन्ही खुशाल सोडून द्यावेत. बाहेरच्या पृष्ठभागाचा गुणांक १० धरल्यास तेथील रोध ०.१५ होतो. भोवतालची हवा ४० अंश असताना १३० भागिले २.३७ म्हणजे दर मीटरला ५५ वॅट वाया जातात आणि आवरणाचा पृष्ठभाग ४८ अंशांवर राहतो.

हाच नळ उघडा असता, तर प्रारण आणि अभिसरण मिळून पृष्ठभागाचा गुणांक १८ च्या पुढे गेला असता आणि दर मीटरला सुमारे ८६० वॅट गेले असते. तीस मीटर उघड्या नळात, १७० अंशांच्या वाफेची सुप्त उष्णता किलोग्रॅमला २०४८ किलोज्यूल धरून, तासाला ४५ किलो वाफेचे पाणी होते. आवरण असल्यास तीन किलोंचेही होत नाही. जाडी ५० वरून ७५ मिलिमीटर केली, तर ५५ चे ४२ वॅट होतात. पहिल्या ५० मिलिमीटरने ८०० वॅट वाचवले आणि पुढच्या २५ ने १३, हे लक्षात ठेवून आधी उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्ह व फ्लँजकडे (नळ जोडणाऱ्या चकत्यांकडे) वळावे. चार इंची उघडा व्हॉल्व्ह ढोबळमानाने मीटरभर उघड्या नळाइतकी उष्णता घालवतो, आणि दुरुस्तीनंतर त्याचे उष्णतारोधक जॅकेट परत बसवायचे राहून गेलेले मी अनेकदा पाहिले आहे. पावसाळ्यात क्लॅडिंगच्या, म्हणजे रॉकवूलवर चढवलेल्या पत्र्याच्या, जोडातून पाणी आत शिरत नाही ना, हेही पाहावे. पाण्याची वाहकता ०.६ आणि स्थिर हवेची ०.०२६ आहे, तेव्हा भिजलेल्या रॉकवूलसाठी ०.०४५ हा आकडा वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

माझ्या पाहण्यातील एका कारखान्यात नवे चकचकीत ॲल्युमिनियमचे क्लॅडिंग चढवल्यावर ते हाताला अधिक गरम लागते, अशी तक्रार आली आणि इन्सुलेशनचा माल निकृष्ट ठरवला गेला. चकचकीत धातू प्रारणाने फार थोडी उष्णता टाकतो, त्यामुळे वारा नसलेल्या जागी पृष्ठभागाचा गुणांक १० ऐवजी ४.५ च्या आसपास येतो. त्या गुणांकाने हिशेब पुन्हा केला, तर व्यय ५५ वरून ५१ वॅटवर उतरतो, पण पृष्ठभाग ४८ ऐवजी ५७ अंशांचा होतो. माल चांगलाच होता. ९४ टक्के रोध रॉकवूलमध्ये असताना बाहेरच्या थरातील बदल व्यय फारसा हलवू शकत नाही, तापमान मात्र हलवतो.

उष्णता-विनिमयकातही, म्हणजे एका द्रवाची उष्णता नळ्यांच्या भिंतीतून दुसऱ्या द्रवाला देणाऱ्या यंत्रातही, हाच विचार लागू पडतो. तेथे तापमानाचा फरक जागोजागी वेगळा असल्यामुळे लॉगॅरिदमी सरासरी (दोन टोकांच्या फरकांची वजाबाकी भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम) घ्यावी, इतकाच काय तो बदल. ९० अंशांचा द्रव ६० पर्यंत आणि समोरून येणारे पाणी ३२ चे ४२ पर्यंत गेले, तर टोकांचे फरक ४८ व २८ आणि सरासरी ३७ येते. एकूण गुणांक, म्हणजेच यू-मूल्य, १००० असलेल्या स्वच्छ नळ्यांवर एक मिलिमीटर क्षार साचला आणि त्याची वाहकता २ धरली, तर ०.००१ च्या रोधात ०.०००५ ची भर पडते व क्षमता एक तृतीयांशाने घटते. अशा वेळी नळ्यांचा धातू बदलण्याआधी त्या घासून काढाव्यात.

हिशेब झाल्यावर पृष्ठभागाचे तापमान प्रत्यक्ष मोजून पाहावे. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन (प्रारणावरून तापमान दाखवणारे उपकरण) थेट रोखू नये, कारण तो पृष्ठभाग आजूबाजूचे प्रारण परावर्तित करतो आणि आकडा बहुधा खराहून बराच कमी दिसतो. क्लॅडिंगवर काळ्या विद्युत टेपचा तुकडा घट्ट चिकटवावा, गनमध्ये उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगले प्रारण करतो याचा आकडा) ०.९५ ठेवावी आणि काही मिनिटांनी त्या टेपवरच मोजमाप घ्यावे. आकडा ५७ च्या आसपास आला, तर गृहीतके ठीक आहेत. ७० दिसला, तर त्या जागचे क्लॅडिंग उघडून आतले रॉकवूल ओले किंवा खाली घसरलेले आहे का ते पाहावे.