एकाच दाखल्यासोबत आठवडाभर कसं बसावं

आमच्या घरगुती प्रार्थनासभेतली नवीन मुलं विचारतात, "मावशी, मनन म्हणजे नेमकं करायचं काय?" मी त्यांना बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय, 1 ते 16 ओव्या (मत्तय 20:1 ते 16), काढून देते: द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा. आठवडाभर दुसरं काही वाचायचं नाही.

पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचा. नुसत्या डोळ्यांखालून घातलं की पाठ असलेल्या ओळी निसटतात. वाचताना जिथं अडखळाल तिथं पेन्सिलीनं खूण करा. माझी खूण शेवटच्या मजुरांपाशी आहे. मळ्याचा मालक मजूर घ्यायला भल्या सकाळी येतो, मग नऊला, बाराला, तीनला. आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पाचला पुन्हा येऊन विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही.

माझी आई निफाडकडच्या द्राक्षबागांत रोजानं जायची. नाक्यावर मुकादमाचा टेम्पो आला की तरण्या बायका आधी चढायच्या. आईला कुणी घेतलं नाही की ती दहाच्या सुमारास घरी यायची, भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. ते ओट्यावर ठेवायची आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलायची नाही. फडक्याची ती गाठ मला अजून दिसते. म्हणून सांगते, 'रिकामे' म्हणजे 'आळशी' असं वाचू नका.

दुसऱ्या दिवशी थोडं मागं जा, 19:27 पर्यंत. तिथं येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतोय: आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? दाखला या प्रश्नाच्या पाठोपाठ येतो. अध्यायांचे आकडे शेकडो वर्षांनंतर घातलेले आहेत, तिथं अडू नका.

मग मजुरीकडे बघा. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार मिळतो, पाचला आलेल्यांनाही, आणि पहाटेचे कुरकुरतात. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, 24:15 प्रमाणे, तो सूर्य मावळायच्या आत द्यायचा, कारण मजूर गरीब असतो, त्याचा जीव त्या पैशात असतो. म्हणून तर मालक संध्याकाळीच कारभाऱ्याला बोलावतो. आणि हा दाखला सांगून कुणी मजुराचं तोंड बंद करू लागला, तर ऐकू नका. पहाटेपासून राबलेल्यांना ठरलेला रोज पुरेपूर मिळालाय.

'मालक म्हणजे देव, मळा म्हणजे मंडळी (चर्च)' हे इतक्यात लावू नका. अर्थ लागला की माणूस पुस्तक मिटतो.

पुढचे दोन दिवस अवघड आहेत. आपण कितीच्या मजुरांत उभे आहोत ते वहीत लिहा. माझा बाप्तिस्मा लहानपणीच झाला, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मी तीस वर्षं शिकवलं, तेव्हा मी सकाळचीच, असं धरून चालले होते. मग दोन वर्षांपूर्वी मंडळीत आलेल्या एका बाईंना प्रार्थना चालवायला सांगितलं, आणि माझ्या छातीत कळ आली. त्या रात्री पंधरावी ओवी वाचली. मूळ ग्रीकमध्ये मालक विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का? आपण म्हणतो ना, डोळ्यात खुपलं, तसं. त्या बाईंचं नाव मी तारखेसकट लिहून ठेवलं. वही कुणाला दाखवायची नाही.

शनिवारी संध्याकाळी आठवून बघा, कुणाचे पैसे आपल्याकडे अडकलेत का: भांडीवाल्या ताईंचे, इस्त्रीवाल्याचे. अंधार पडायच्या आत देऊन या, मग प्रार्थनेला बसा.