मतदान वाढवायचंय? आधी यादी उघडा

लोकसभेला मत न देणारा प्रत्येकजण आळशी नसतो. कित्येकजण उन्हात रांग लावतात आणि मतदार यादीत नाव नाही म्हणून परततात. असा माणूस पुढच्या वेळी घराबाहेर काढणं फार अवघड. ओळखपत्र खिशात असूनही यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही.

म्हणून निवडणूक जाहीर होण्याआधीच सोसायटीतलं प्रत्येक नाव तपासा. नवीन नावासाठी नमुना ६ हा अर्ज भरा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. अडलं तर मतदार हेल्पलाइन १९५० वर फोन करा.

८५ वर्षांवरच्यांना घरून मत देता येतं, पण त्यासाठीचा अर्ज, नमुना १२-ड, निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाचच दिवसांत द्यावा लागतो. इथेच हमखास उशीर होतो.

कामगारांना सांगा: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशीची सुट्टी भरपगारी असते. मोबाईल घरीच ठेवा, मतदान कक्षात चालत नाही.