कामं शोधायचं टूल एजंटाच्या हाती देण्याआधी

कोड चालला म्हणजे तयारी झाली असं धरू नका. एआय एजंटाला, म्हणजे माणसाच्या वतीने टूल वापरून कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला, तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं (त्याला हाक मारता येईल अशा सोयीचं) नाव, वर्णन आणि पॅरामीटरांची स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एआयला बाहेरची टूलं जोडायची ठरलेली पद्धत) टूलची ओळख प्रामुख्याने याच गोष्टींवरून होते. नवा माणूस अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंट बऱ्याचदा अंदाज बांधतो आणि तोच ठामपणे सांगून मोकळा होतो. म्हणून टूल काय करतं याच्या जोडीने ते काय करत नाही, हेही वर्णनात लिहायला घ्या.

समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींच्या कामांची नोंद एका ॲपमध्ये आहे. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते, त्याच्या आगेमागे बोटी किनाऱ्यावर ओढणं, इंजिन उतरवणं, जाळी विणून घेणं, शाकारणी अशी सगळी कामं एकदम अंगावर येतात. नाखवा फोनवर विचारतो, ‘माझ्या बोटीचं काय काय राहिलंय?’ आता एजंटाने शोधायचं.

आधी वर्णनाची पहिली दोन वाक्यं पक्की करा: हे टूल कधी वापरायचं आणि कधी नाही. कामाचा क्रमांक माहीत असेल तर थेट ते काम उघडणारं टूल वेगळं असेल, तर तसं इथेच लिहा. हे टूल फक्त वाचतं, काही बदलत नाही, हेही सांगा.

मग शोध नेमका कुठे आणि कसा होतो ते. फक्त शीर्षकात की तपशिलात आणि शेऱ्यांतही? दोन शब्द दिले तर दोन्ही असायला हवेत की एक पुरे? मराठीत इथे जास्त वेळ द्यावा लागतो. एकाने ‘दुरुस्ती’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ‘दुरूस्ती’. बोट क्रमांक ५ कुणी देवनागरी आकड्यात लिहितो, कुणी इंग्रजी. ‘किनाऱ्यावर’ मधला ऱ्या तर दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही. तुमचं टूल हे आतल्या आत जुळवून घेत असेल तर तसं लिहा. नसेल तर ‘पर्यायी लेखन करून पुन्हा शोधा’ अशी सूचना उदाहरणासकट द्या. माझ्या मते जुळवून घेणारं टूलच बनवावं. ते ओझं वर्णनावर टाकू नये.

स्थितीसाठी मोकळा मजकूर ठेवू नका. ‘बाकी’, ‘चालू’, ‘झालं’ असे ठरलेले पर्याय स्कीमातच बांधा आणि काही न दिल्यास कुठला धरला जातो ते सांगा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, वेळ भारतीय, आणि ‘पर्यंत’ म्हणताना तो दिवस धरला की नाही तेही.

सगळ्यात जास्त जीव ओता तो रिकाम्या उत्तरावर. नुसती रिकामी यादी परत गेली की एजंट नाखव्याला सांगणार, ‘काहीच बाकी नाही.’ इंजिनाचं काम मात्र ‘मशीन’ या नावाने पडलेलं असतं, किंवा विचारणाऱ्याला ती नोंद पाहायची परवानगीच नसते. म्हणून ‘या शब्दांना काही जुळलं नाही, काम नाहीच असं यावरून समजू नये’ हे उत्तरातच जाऊ द्या, सोबत कुठले फिल्टर लावले होते तेही. तसंच अर्धवट उत्तराचं. एकूण ६४ कामं जुळली आणि २० दाखवली, तर दोन्ही आकडे आणि पुढचं पान मागायची खूण हवी. नाहीतर २० कामांवरच हिशोब होईल आणि एखादी बोट पावसात उघडी राहील. चुकीच्या मागणीला ‘एरर’ एवढंच उत्तर नको. काय चुकलं आणि त्या जागी काय चालेल ते सांगितलं की एजंट स्वतःच सुधारून पुन्हा विचारतो.

कामाच्या शेऱ्यात कुणीही काहीही लिहू शकतो, आणि एजंट तीच सूचना समजून वागू शकतो. शोधातून आलेला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नाही, हे वर्णनात स्पष्ट लिहा. पण त्यावर विसंबू नका. परवानग्याही तेवढ्याच आवळून ठेवा.

शेवटी चाचणी. बंदरावर लोक जसे विचारतात तसेच प्रश्न गोळा करा, ‘त्या निळ्या बोटीचं जाळं झालं काय?’ यासकट. एजंटाला फक्त हे वर्णन द्या आणि त्याने टूलला काय पाठवलं त्याच्या नोंदी वाचा. तो जिथे अडखळला त्या जागचं वाक्य बदला आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवा. नवी स्थिती किंवा नवं पॅरामीटर आलं की वर्णनातला बदल त्याच दिवशी कोडबरोबर गेला पाहिजे, आणि तो कुणी करायचा त्याचं नाव आत्ताच ठरवून टाका.