15 एमव्हीच्या लिनॅकजवळ न्यूट्रॉन मोजायचे तर

अणुशक्तीनगरला डिप.आर.पी. (रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा) करून नव्याने नोकरीला लागलेली मुलं हमखास विचारतात, न्यूट्रॉनचा सर्व्हे कसा करायचा? आधी मशीन बघा, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटना किरणोपचार देणारा लिनॅक (रेषीय प्रवेगक). फक्त 6 एमव्हीचा (मेगाव्होल्ट, बीमच्या ताकदीचं माप) बीम असेल तर हा विषय जवळजवळ नाहीच. टंगस्टन, शिसं अशा जड धातूंच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन सुटायला फोटॉनकडे साधारण 7-8 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा लागते. 10 एमव्हीला ते थोडे निघतात, 15 एमव्हीला पुष्कळ. मशीनच्या हेडमधलं टार्गेट, प्रायमरी कॉलिमेटर, फ्लॅटनिंग फिल्टर, जॉ (बीमची खिडकी लहानमोठी करणारे धातूचे ठोकळे), सगळीकडून निघतात. म्हणून खोलीच्या दाराशी मोजताना जॉ बंद ठेवा, न्यूट्रॉनचा सर्वात वाईट आकडा तेव्हाच मिळतो.

मुंबईत मशीन दिवसभर पेशंटनी भरलेलं. मोजणी रात्री नाहीतर रविवारी. शेवटची कर्जत लोकल चुकणार हे धरूनच चाला.

खरी मेख मीटरमध्ये आहे. लिनॅकचा बीम सलग नसतो. काही मायक्रोसेकंदांचे पल्स, सेकंदाला शेकड्यांनी. पल्स आला की फोटॉनचा लोंढा येतो आणि बंकरच्या (जाड भिंतींच्या उपचार-खोलीच्या) आत ठेवलेला बीएफ-3 (बोरॉन ट्रायफ्लोराइड) किंवा हीलियम-3 वायूचा न्यूट्रॉन काउंटर गुदमरतो. काही न्यूट्रॉन मोजायचे राहतात, काही वेळा फोटॉनच्या गर्दीलाच तो न्यूट्रॉन समजतो. आणि मीटर कुरकुर करत नाही, निवांत आकडा दाखवतो! डोस रेट उतरवून भागेल असं वाटतं. पण बऱ्याच मशीनांत त्याने पल्स विरळ होतात, एकेक पल्स तेवढाच जड राहतो. म्हणून रेम काउंटर (न्यूट्रॉनचा डोस दाखवणारा मीटर) मेझच्या, म्हणजे बंकरमधल्या वळणाच्या वाटेच्या, दाराशी आणि कन्सोलपाशी वापरा, तोही इंटिग्रेट (एकूण बेरीज करणाऱ्या) मोडवर. नोंद दर 100 एमयूला (मॉनिटर युनिट, मशीनने दिलेल्या डोसचं माप) करा, मग आठवड्याच्या वर्कलोडने, म्हणजे मशीनच्या आठवड्याभराच्या कामाने, गुणा.

शेजारी गॅमा मीटर हवाच. मंदावलेला न्यूट्रॉन हायड्रोजनने गिळला की 2.2 एमईव्हीचा गॅमा निघतो. दारात बोरॉन मिसळलेलं पॉलिथिन आणि त्यामागे शिसं असतं ते याचसाठी. नुसता न्यूट्रॉनचा आकडा म्हणजे अर्धा हिशेब.

आत मोजायचं तर बबल डिटेक्टर, टीएलडी-600 आणि 700 (तापवल्यावर उजळून डोस सांगणाऱ्या चिपा) ची जोडी, किंवा माझ्या आवडीचं सीआर-39. नखाएवढी पारदर्शक प्लास्टिकची चिप. वेगवान न्यूट्रॉन तिच्यातल्या हायड्रोजनला धडकतो, उडालेला प्रोटॉन वाटेत ओळ खराब करत जातो. कॉस्टिक सोड्याच्या 60-70 अंशांच्या द्रावणात काही तास ठेवली की ती ओळ खड्डा होऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ओरखडा कुठला नि खड्डा कुठला, हे नजरेत बसायला वेळ लागतो. घाई करू नका. त्याच शीटमधली, बीम न पाहिलेली एक चिप सोबत एच करा (त्याच द्रावणात ठेवा), बॅकग्राउंड वजा करायला.

पण खड्डे मोजले म्हणजे मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं माप) मिळाले असं नाही. अमेरिशियम-बेरिलियमच्या स्रोतावर काढलेला फॅक्टर सरासरी 4 एमईव्हीच्या आसपासच्या न्यूट्रॉनचा. लिनॅकच्या हेडमधून बाहेर पडणारे त्याहून मंद, मेझमध्ये आपटत आलेले तर फारच मंद. 1 एमईव्हीच्या न्यूट्रॉनचा भारांक (शरीराला किती घातक ते सांगणारा आकडा) 20 च्या आसपास, थर्मलचा, म्हणजे अगदी मंदावलेल्याचा, 2.5. कुठली चिप कुठे चिकटवली होती हे वहीत नसेल तर ती मोजणी मी तरी धरत नाही.

चिपा काढायला बीम थांबताच आत शिरू नका, न्यूट्रॉनने आतले धातू काही काळ किरणोत्सर्गी झालेले असतात. ॲल्युमिनियम-28 चं अर्धआयुष्य सव्वादोन मिनिटांचं असतं, तेवढ्यात चहा सांगून या. टंगस्टन-187 मात्र निम्मा व्हायला जवळपास एक दिवस घेतो, तेव्हा हेडपाशी रेंगाळू नका.