घरच्या अंगणात विटांचा पिझ्झा ओव्हन: बांधणी आणि पहिला जाळ

आमच्या कुडाळच्या घरामागे मी दोन ओव्हन बांधले. पहिला बांधून झाल्यावर तिसऱ्याच दिवशी पाहुणे आले म्हणून दणकून पेटवला, अर्ध्या तासात आतून टक् टक् आवाज यायला लागले आणि संध्याकाळपर्यंत घुमटाला तोंडापासून माथ्यापर्यंत चीर गेली, आत रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी. तो पाडावा लागला. दुसरा तसाच, त्याच मापाचा, फक्त आठवडाभर हळूहळू सुकवला, आणि तो अजून छान चालतोय. म्हणून बांधणी सांगतोच पण पहिल्या पेटवण्याबद्दल जास्त सांगणार आहे, कारण बहुतेक लोक तिथेच चुकतात.

गोव्यातल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी बघितली असेल तर तत्त्व तेच. विटांचा घुमट, आत लाकडं पेटवायची, विटा उष्णता पितात आणि मग ती हळूहळू परत देतात. पोदेर निखारे बाजूला करून त्या साठलेल्या उष्णतेवर पाव लावतो, पिझ्झ्याला मात्र एका कडेला जाळ चालू ठेवायचा, कारण वरून घुमटाची धग आणि खालून तापलेली लादी दोन्ही एकदम लागतात. नेपल्सच्या पद्धतीत लादी 400 डिग्री सेल्सिअसच्या पुढे असते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदात बाहेर. स्वयंपाकघरातल्या विजेच्या ओव्हनच्या 250 डिग्रीत तो तसा कधीच होत नाही, सुकतो नुसता.

माप आतून 36 इंच व्यासाचं धरा, घरगुती वापराला पुरेसं आहे. घुमट अर्धगोल म्हणजे आतली उंची 18 इंच. तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या साधारण 63 टक्के ठेवायची, म्हणजे सव्वाअकरा इंच, रुंदी 18 इंच चालेल. ही तोंडाची उंची मनाने बदलू नका, जास्त ठेवली तर उष्णता बाहेर पळते आणि कमी ठेवली तर जाळाला हवा मिळत नाही, सगळा धूर तोंडावर येतो.

विटा साध्या लाल चालत नाहीत निदान आतून तरी. फायर ब्रिक म्हणजे भट्टीची उष्णता सोसणाऱ्या विटा घ्यायच्या, 9 बाय साडेचार बाय 3 इंच, आयएस 8 ग्रेड मागा. कोल्हापूर किंवा बेळगावला फाउंड्र्या आहेत त्यामुळे तिकडे डीलर सहज सापडतात, मी कोल्हापूरहूनच आणल्या. मला तोंडाची कमान धरून दीडशेच्या आसपास लागल्या, तुटफूट धरून 170 आणल्या होत्या. जुन्या भट्टीच्या काढलेल्या विटा स्वस्तात मिळतात पण त्यावर काय वितळलंय काय चिकटलंय माहीत नसतं, जिथे अन्न ठेवणार तिथे त्या नकोतच. एक वीट साधारण 4 किलोची, म्हणजे नुसत्या विटाच 600 किलो, वर स्लॅब वेगळा. गच्चीवर बांधायचा विचार असेल तर आधी इंजिनियरला विचारा, अंदाजाने जाऊ नका.

खालचा जोता आमच्याकडे चिऱ्याचा केला, कोकणात तोच स्वस्त आणि मजबूत, कमरेएवढा उंच, मधे लाकडं ठेवायला पोकळी. त्यावर सळई घालून 4 इंची स्लॅब, 5 बाय 6 फूट, तोंडासमोर थोडी जागा हवी म्हणून लांबी जास्त. आणि आता सगळ्यात महत्त्वाचा थर: स्लॅब आणि लादी यांच्यामधे इन्सुलेशन, म्हणजे उष्णता खाली जाऊ न देणारा थर. व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज) आणि सिमेंट 5 ला 1 मापात, अगदी कमी पाण्यात कालवून 4 इंच जाड थर. व्हर्मिक्युलाइट नर्सरीवाल्यांकडे गोणीने मिळतं. हा थर गाळला तर सगळी उष्णता स्लॅबमधे उतरते, पहिला पिझ्झा बरा होतो, दुसऱ्यापासून खालून कच्चा. माझ्या गवंडीमामांना हे पटत नव्हतं, म्हणाले, "अरे हे भुसभुशीत, दाबल्यावर दबतंय, यावर विटा कशा ठरतील?" मी म्हटलं, "मामा, दोन आठवडे सुकू दे, मग उभे राहून बघा." राहिले उभे, आणि मग काही बोलले नाहीत.

त्या थरावर बारीक रेती आणि फायर क्लेचा (उष्णता सोसणाऱ्या मातीचा) पातळ थर पसरून लादीच्या विटा कोरड्याच बसवायच्या, मसाला अजिबात नाही. विटा तापल्यावर फुगतात, त्यांना हलायला जागा हवी, आणि पुढे एखादी फुटली तर तेवढीच उचलून बदलता येते. तिरक्या लावा म्हणजे पिझ्झा सरकवायची फळी विटेच्या कडेला अडत नाही. हात फिरवून बघा, एखादी वीट केसभर जरी वर असेल तरी काढून परत बसवा, नंतर रोज तीच नडते.

घुमटाचा मसाला असा: बारीक रेती 3, सिमेंट 1, चुना 1, फायर क्ले 1. नुसत्या सिमेंटचा मसाला जास्त उष्णतेत भुसभुशीत होतो म्हणून चुना आणि फायर क्ले. हातमोजे घालाच, चुन्याने बोटं फाटतात. विटा अर्ध्या करून म्हणजे अद्धे करून लावायच्या, साडेचार इंच जाडीचा घुमट होतो. ग्राइंडरने कापताना विटा भिजवून घ्या आणि मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसाला फार वाईट.

घुमट गोल यायला एक साधी युक्ती आहे, लादीच्या बरोब्बर मध्यभागी एका फळीवर सगळीकडे फिरणारी 18 इंची काठी बसवायची आणि टोकाला छोटा एल आकाराचा अँगल ठोकायचा, प्रत्येक अद्धा त्या अँगलला टेकवून लावला की आपोआप गोल येतो आणि योग्य तिरकाही बसतो. विटांच्या आतल्या कडा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या हव्यात, बाहेरच्या बाजूला जी फट उरते तिथे मसाला आणि विटेची कपची. वरच्या वरच्या थरांत विटा घसरायला लागतात, तेव्हा एका वेळी एकच थर पूर्ण करायचा, थर पूर्ण झाला की तो स्वतःला धरून राहतो. शेवटचे दोन थर मी आत प्लायवूड टेकवून त्यावर ओल्या वाळूचा ढीग करून बांधले. तोंडाच्या कमानीला प्लायचा फर्मा लागतोच. धुराडं घुमटाच्या माथ्यावर नाही, तोंडाच्या कमानीवर बाहेरच्या बाजूला, 6 इंची पाइप, 3 फूट उंच.

बांधून झालं की आठवडाभर ओली गोणपाटं टाकून ठेवायची आणि मग दोन आठवडे नुसतं उघडं, सावलीत. मग घुमटावर सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट, म्हणजे उष्णता आत धरून ठेवणारी तंतूंची गादी, 1 इंची, तीन थर. ते हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क हवाच. बाहेरचा गिलावा मात्र आत्ता करू नका, आधी ओव्हन सुकवायचा.

आता पेटवणं. विटांत, मसाल्यात, खालच्या थरात कितीतरी लिटर पाणी अडकलेलं असतं, वरून हात लावला तर कोरडं वाटतं पण नसतं. एक लिटर पाण्याची वाफ 1600 ते 1700 लिटर होते. हळू तापवलं तर ती बारीक छिद्रांतून बाहेर पडते, एकदम तापवलं तर तिला वाट मिळत नाही आणि ती भिंत फोडून वाट काढते. माझा पहिला घुमट तसाच गेला.

इन्फ्रारेड थर्मामीटरची गन घ्या, त्याशिवाय हे करू नका. पहिल्या दिवशी लाकूड नाहीच, मधोमध चार मुठी कोळसा, घुमट आतून 100 डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही, पाच सहा तास तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी 120, तिसऱ्या दिवशी 150, मग 200, 230, 260, आणि सातव्या दिवशी 320. चौथ्या दिवसापासून बारीक काटक्या चालतील पण ज्वाळा घुमटाला चाटता कामा नये. मोठा जाळ करून तो विझवण्यापेक्षा लहान जाळ खूप वेळ. रोज शेवटी तोंडावर पत्रा लावून ठेवा म्हणजे रात्रभर ऊब आत राहते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लँकेटवर हात ठेवला तर ते दमट लागलं, आणि कोवळ्या उन्हात माथ्यावरून बारीक वाफ निघताना दिसत होती, चहाच्या कपावर दिसते तशी. घाबरायचं नाही, उलट पाणी निघतंय याचीच ती खूण. सुकलं का हे बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ब्लँकेटवर थोडा वेळ ठेवा, खाली थेंब जमले तर अजून ओल आहे, तेच तापमान आणखी एक दिवस चालवा. केसासारख्या चिरा पडतील, पडू द्या, त्या थंड झाल्यावर मिटतात. थेंब यायचे बंद झाले की मगच जाळी लावून गिलावा, आणि तो वाळल्यावर परत दोन दिवस हलका जाळ.

लाकूड वाळलेलं हवं, निदान सहा महिने. आंबा, बाभूळ, सुरू चांगली. रंगवलेलं लाकूड, प्लायचे तुकडे, पॅकिंगच्या पेट्या आत घालू नका, त्याचा धूर सरळ जेवणात येतो.

पहिला खरा जाळ दीड दोन तासांचा धरा. सुरुवातीला घुमट आतून काळा कुळकुळीत होतो, आणि मग कधीतरी माथ्यावर एक पांढरा ठिपका दिसतो, बघता बघता तो पसरत खाली येतो. काजळी जळून गेली, विटा तापल्या. सगळा घुमट पांढरा झाला की निखारे एका कडेला ओढा, लादी ओल्या फडक्याने झटकन पुसा आणि चिमूटभर मैदा टाकून बघा. लगेच काळा पडला तर पाच मिनिटं थांबा, तीन चार सेकंदात तांबूस झाला तर पिझ्झा आत. अर्ध्या मिनिटाने फिरवायला विसरू नका, जाळाकडची बाजू पटकन करपते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत अजून भरपूर ऊब असते, त्यात पाव होतात, रताळी तर अप्रतिम.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे चार महिने ओल, त्यामुळे वर पत्र्याची शेड हवीच आणि बांधकाम जानेवारीत काढून एप्रिलपर्यंत संपवायचं. शेड असली तरी विटा हवेतली ओल पितात, म्हणून गणपती झाल्यावर पहिल्यांदा पेटवताना परत कोळशापासून सुरुवात, तीन दिवस, 100, 150, 250, आणि चौथ्या दिवशी पिझ्झा.