बोटीच्या टॉयलेटचा पाइप आणि सीकॉक बदलताना

टॉयलेट कितीही घासलं तरी बोटीत वास येतोय ना, मग आधी पाइपवर संशय घ्या. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपवर थोडा वेळ गुंडाळून ठेवायचं, थंड झालं की फडक्याचा वास घ्यायचा (नाक मुरडू नका, दुसरा सोपा उपाय नाही), फडक्याला वास लागला म्हणजे तो पाइपच्या रबरातूनच झिरपतोय, पाइप बदलाच.

पंप जड चालत असेल तर ते वेगळं, लघवी आणि खाऱ्या पाण्याने आत चुन्यासारखा थर बसतो आणि ३८ मिमीचा पाइप निम्मा होऊन जातो. थर कमी असेल तर व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं तरी फरक पडतो.

पाइप काढायच्या आधी सीकॉक (बोटीच्या तळाच्या भोकातून पाणी आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) बंद, दोन्ही, आणि खरंच बंद झालेत का ते बघा! जुना पाइप ओढत बसू नका, उभा चिरा. नव्याचं टोक गरम पाण्यात बुडवलं की सरकन बसतं. प्रत्येक टोकाला ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे दोन क्लिप.

सीकॉक मात्र बोट पाण्याबाहेर असतानाच बदलायचा, मुंबईत पावसाळ्याआधी बोटी वर काढतात तेव्हा उरकून घ्या. साधं पितळ घेऊ नका, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी दिसायला लागला की तो आतून पोकळ झाला समजा. ब्राँझच घ्या, आणि सीकॉक तुटलाच तर भोक बुजवायला शेजारी मापाचा लाकडी गुट्टा दोरीने बांधून ठेवा.