सोयाबीन उगवलं नाही तर? तयारी पेरणीआधीच करा

पेरून आठ दिवस झाले तरी तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, भरलेली दिसत नाहीत, मग माणूस तडक दुकानदाराकडे जातो. तिथं हुज्जत होते आणि विषय तिथंच मिटतो. आमच्या लातूरकडच्या औसा भागात मी हे बघत आलेय. तक्रार टिकणार की नाही, हे पिशवी फोडतानाच ठरतं, म्हणून आधी तिथलंच सांगते.

बिल पक्कं घ्या. त्यावर वाण, लॉट नंबर (बियाण्याच्या त्या गटाचा क्रमांक), वजन आणि तारीख आलीच पाहिजे. पिशवी खालच्या बाजूनं उसवा, वरची शिवण आणि टॅग तसाच राहू द्या. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. मूठ-दोन मुठी बी त्याच पिशवीत ठेवून ती कोरड्या जागी टांगा. पिशव्या आदळू नका, सोयाबीनचं साल नाजूक असतं.

पेरणीच्या आठवडाभर आधी ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा. पिशवीच्या वरचे, मधले, तळाचे असे मिसळून घ्या, निवडून टपोरे घेऊ नका. वर दुसरा ओला तुकडा टाका, हलक्या हातानं गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी उलगडा आणि निरोगी, सरळ कोंबच मोजा. बुरशी आलेला, मोडका कोंब धरायचा नाही. किमान ७० भरले पाहिजेत. कमी भरले तर त्या लॉटची पेरणी करू नका, दुकानदाराला लेखी कळवा.

पेरा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, तीन ते पाच सेंटिमीटर खोलीवर. तक्रार झाली की विकणाऱ्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘ओल कमी होती, बी खोल पडलं.’ म्हणून पेरणीच्या दिवशी तास उकरून, खोली दिसेल अशी मोजपट्टी लावून फोटो काढा. आपल्या महसूल मंडळातल्या पावसाचा आकडाही लिहून ठेवा.

तरीही उगवण फसलीच, तर रान लगेच मोडू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्या वेळी स्वतः हजर राहा, रोपं तुमच्यासमोर मोजायला लावा. कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नका. अहवालाची प्रत मागून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं असतं.

बियाणे कायदा १९६६ मध्ये शिक्षा आहे, पण शेतकऱ्याला भरपाई नाही. हे मला फार खटकतं. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं आणि त्याला मुदत दोन वर्षांची आहे. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. अर्जात नुसती बियाण्याची किंमत मागू नका. खत, पेरणी, मजुरी आणि बुडालेलं पीक, सगळ्याचा हिशोब लावा.